लेकरू जेवत नाही, मग काय करावे?

दोन घरांची गोष्ट सांगतो. दोन्ही घरे आमच्याच आळीतली. दोन्ही घरांत दीड वर्षाचे लेकरू. एका घरी मुलगा, दुसऱ्या घरी मुलगी.

मुलाच्या घरी रोज दुपारी लढाई. आई वाटी घेऊन मागे, पोरगा पुढे. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून गोठ्यात. आजी काऊ-चिऊ दाखवते, काका मोबाइल दाखवतो. शेवटी आई त्याला मांडीत दाबून धरते, नाक चिमटीत पकडते, आणि तोंड उघडले की घास आत लोटते. पोरगा ठसकतो, सगळे ओकून टाकतो. मग पोरगाही रडतो आणि आईही रडते. वर सासूबाई म्हणतात, "तुझ्या हातालाच चव नाही, तर पोर जेवेल कशाला?"

मुलीच्या घरी मात्र सगळे शांत. पोरगी जेवायला मागत नाही, कोणी आग्रहही करीत नाही. सकाळी बशीभर चहात दोन बिस्किटे, दुपारी पुन्हा तेच. मधून दुकानातला पाच रुपयांचा पुडा. आई शेतावर जाते, आजी सांभाळते. "रडत नाही, त्रास देत नाही. गुणाची आहे पोर," असे सगळे म्हणतात.

मंडळी, यांतल्या कोणत्या घराने काळजी करावी? मला वाटले, मुलाच्या घराने. पण अंगणवाडीच्या सेविकाताईंनी दोघांना काट्यावर घातले, तेव्हा उलटेच निघाले. मुलाचे वजन वयाच्या मानाने ठीक होते. महिन्याला थोडे थोडे वाढतही होते. मुलीचे वजन तीन महिने जागचे हलले नव्हते.

असे का झाले, ते आता पाहू.

वाढ मंदावते, तशी भूकही मंदावते

जन्मताना बाळ साधारण तीन किलोचे असते. वर्षाचे होईपर्यंत ते नऊ किलोच्या आसपास जाते. म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलोंची भर पडते. दुसऱ्या वर्षात भर पडते ती फक्त दोन-अडीच किलोंची. वाढीचा वेग कमी झाला, की भूकही कमी होते. हा आजार नव्हे आणि हट्टही नव्हे. आईच्या हाताचा तर त्यात काहीच दोष नाही.

शिवाय या वयात लेकरू चालू लागते, त्याला सगळीकडे हिंडायचे असते. नव्या पदार्थाची त्याला भीती वाटते. आज पोटभर जेवते, उद्या दोन घासांत उठते. एका दिवसाचा हिशेब धरू नका. आठवड्याचा धरा.

तुमचे काम कोणते, लेकराचे कोणते?

काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसवायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, हे लेकराला ठरवू द्यावे. त्याने तोंड फिरवले, की पोट भरले असे समजावे. मी पुष्कळ वर्षे शाळा चालवली. छडीच्या धाकाने पोरे पाढे म्हणतात, हे मी पाहिले आहे. पण धाकाने कोणाला भूक लागलेली पाहिली नाही. उलट, जेवण म्हणजे मार, असे लेकराच्या मनात बसते. नाक दाबून भरवणे तर फारच वाईट. घास श्वासनळीत गेला, तर जीव जाऊ शकतो.

मग करावे काय?

१. ठरल्या वेळी वाढा. दिवसातून तीन-चार वेळा जेवण, आणि मध्ये एक-दोन वेळा केळे, पेरू किंवा उकडलेले रताळे. पेरूच्या बिया काढा आणि त्याच्या बारीक फोडी करा. मधल्या वेळात येता-जाता काही देऊ नका.

२. घरच्यांच्या पंगतीत बसवा. त्याला वेगळी ताटली द्या. सांडू द्या, चिवडू द्या, हाताने खाऊ द्या. मोठ्यांचे पाहून लेकरू खायला शिकते. मोबाइल मात्र बाजूला ठेवा. त्याच्याकडे पाहत खाणाऱ्या लेकराला आपले पोट भरले की नाही, हे कळत नाही.

३. थोडे वाढा, पण कसदार वाढा. वरणाचे वरचे पाणी देऊ नका. चमच्यातून ओघळणार नाही, इतके दाट असावे. मुगाची मऊ खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी, नाचणीची खीर, अंडे. वरून चमचाभर तूप किंवा तेल, शेंगदाण्याचा बारीक कूट. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे देऊ नका. ती घशात अडकतात.

४. नवी भाजी एकदा थुंकली, म्हणून सोडू नका. आठ दिवसांनी पुन्हा एक घास ठेवा. काही लेकरांना एखादी चव आवडायला दहा-पंधरा वेळा लागतात. आग्रह नको, पण ताटातून ती भाजी नाहीशीही होऊ नये.

५. भूक मारू नका. चहा तर लेकराला देऊच नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. अंगावरचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. गाई-म्हशीचे दूध मात्र दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. त्याने पोट भरते, पण त्यात लोह फार थोडे असते. पालेभाजी आणि डाळ यांवर लिंबू पिळा. त्याने लोह चांगले अंगी लागते.

काळजी केव्हा करावी?

लेकरू किती खाते, हे डोळ्यांनी नीट कळत नाही. ते काटा सांगतो. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ठिपका मांडून घ्या. ठिपके वर चढत असतील, तर निश्चिंत असा. रेघ आडवी झाली किंवा खाली आली, तर थांबू नका. सेविकाताई दंडाला पट्टी लावून पाहतात. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर धोका मोठा आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लेकरू पांढुरके दिसते, मलूल पडून राहते, माती किंवा भिंतीचा पोपडा खाते, तर रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ या काळात देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांत ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. वर्ष पूर्ण झालेल्या मुलांना जंतांचे औषध सरकारतर्फे फुकट मिळते. तेही चुकवू नका.

आता त्या दोन घरांचे ऐका

मुलाच्या आईला सेविकाताईंनी कार्ड दाखवून सांगितले, "बाई, तुझे लेकरू पुरेसे जेवते." हे ऐकून ती पुन्हा रडली, पण या वेळी हलक्या मनाने. सासूबाईंनीही कार्ड पाहिले आणि त्या गप्प बसल्या.

मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. अंगात रक्त फारच कमी होते. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले, चहा-बिस्किटे बंद करायला सांगितली. पहिले चार दिवस पोरगी चहासाठी रडली. आजीचा जीव तुटला, पण तिने बशी पुढे केली नाही. पाचव्या दिवशी पोरगी आपण होऊन बापाच्या ताटाशी जाऊन बसली आणि वरणभातात हात घातला. पुढच्या महिन्यात कार्डावरचा ठिपका वर सरकला.

म्हणून सांगतो. जे लेकरू घर डोक्यावर घेते, त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. जे गुपचूप उपाशी राहते, त्याच्याकडे कोणाचे जात नाही. मुलगी असली, तर अजूनच नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आज घरी गेल्यावर लेकराचे कार्ड काढा आणि शेवटचे तीन ठिपके स्वतः वाचून पाहा.