औषधनिर्मात्याचें शिक्षण

डॉक्टरांनीं चिठ्ठी लिहावी, दुकानदारानें कपाटांतून पाकीट काढून द्यावें व पैसे मोजून घ्यावे, इतक्या सोप्या रीतीनें औषध घरांत येतें असें पुष्कळांस वाटतें. त्यामुळें एखादा विद्यार्थी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठीं निघाला, कीं “गोळ्या विकण्यास चार वर्षें कशाला?” असा प्रश्न घरांतील वडीलधारीं मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्या चार वर्षांत काय शिकवितात हें पाहिल्यावांचून मात्र त्याचें उत्तर मिळणार नाहीं.

आपल्या देशांत हें शिक्षण विद्यापीठाच्या पायरीवर चढल्यास फार काळ लोटलेला नाहीं. पूर्वीं डॉक्टरांच्या हाताखालीं कंपाउंडर असे. मात्रा मोजणें, मिश्रण ढवळणें, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटविणें हीं कामें तो पाहून पाहून शिके. पुढें बाजारांत निकृष्ट व भेसळीचीं औषधें फार झालीं, तेव्हां सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं १९३० सालीं चौकशी समिती नेमली. १९३२ सालीं प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनीं बनारस हिंदु विद्यापीठांत या विषयाचें अध्यापन सुरू केलें. १९४० सालीं औषधांविषयींचा कायदा झाला, आणि मार्च १९४८ मध्यें फार्मसी कायदा आला. त्या वेळीं बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तें राज्य संपुष्टांत आलें. १९५८ सालीं मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ लाभलें. आणि आतां तर खुद्द बीड जिल्ह्यांतही औषधनिर्माणशास्त्राचीं महाविद्यालयें निघालीं आहेत.

या शिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पदविकेची. तिला दोन वर्षें लागतात व शिवाय ५०० तासांचें प्रत्यक्ष काम करावें लागतें. दुसरी पदवीची, तीं चार वर्षें आठ सत्रांत विभागलेलीं असतात. तिसरी पदव्युत्तर, आणखी दोन वर्षांची. याखेरीज रुग्णालयांतील कामाकडे विशेष लक्ष देणारा सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ हा निराळा अभ्यासक्रम २००८ पासून आहे. पदविका उत्तीर्ण झालेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो, म्हणून गरीब घरच्या मुलानें आधीं पदविका घेतली तरी पुढची वाट बंद होत नाहीं. बारावीस पदार्थविज्ञान व रसायन हे विषय असावेच लागतात; त्यांच्या जोडीस गणित किंवा जीवशास्त्र चालतें. ज्यानें गणित घेतलें असेल त्यास पहिल्या सत्रांत जीवशास्त्राची, व ज्यानें जीवशास्त्र घेतलें असेल त्यास गणिताची उजळणी करावी लागते. दोन्हींवांचून पुढें चालत नाहीं, हें त्याचें कारण.

अभ्यासांतील विषयांचीं नांवें मोठीं आहेत, परंतु त्यांचा आशय रोजच्या जीवनांतला आहे. शरीररचना व शरीरव्यापार यांपासून आरंभ होतो. कारण औषध ज्या घरांत जावयाचें, त्या घराचा नकाशा ठाऊक असला पाहिजे. मग औषध शरीरांत काय करतें हें शिकवितात. पॅरासिटामोलचेंच उदाहरण घ्यावें. तापावर तें निर्धोक समजलें जातें. परंतु मोठ्या माणसानें दिवसांत चार ग्रॅमपेक्षां अधिक घेतल्यास यकृतास इजा होण्याचा धोका असतो, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेंच द्रव्य असतें. ज्यास हें ठाऊक आहे तो दोन निरनिराळीं पाकिटें एकाच रोग्याच्या हातीं देतांना थांबेल. ज्यास ठाऊक नाहीं तो दोन्हींचे पैसे घेईल.

औषध घडविण्याचें शास्त्र हा दुसरा मोठा भाग. गोळींत द्रव्य पुरेसें आहे एवढ्यानें भागत नाहीं. ती पोटांत ठराविक वेळांत फुटली व विरघळली पाहिजे, नाहीं तर ती जशी गेली तशी बाहेर पडेल. म्हणून विद्यार्थ्यास गोळ्या स्वतः दाबून तयार कराव्या लागतात, वीस गोळ्या काढून एकेकीचें वजन करावें लागतें, आणि सरासरीशीं ताडून पाहावें लागतें. अडीचशे मिलिग्रॅमपेक्षां जड गोळीच्या वजनांत शेंकडा ५ इतकाच फरक भारतीय औषधकोशास मान्य आहे. या औषधकोशाची पहिली आवृत्ति १९५५ सालीं निघाली. रसायनाच्या प्रयोगशाळेंत द्रव्याची शुद्धता तपासणें, कायद्याच्या तासाला कोणतें औषध चिठ्ठीवांचून देऊं नये हें शिकणें, हेंही याच शिक्षणाचें अंग होय.

वनौषधींचा विषय तर बीडच्या विद्यार्थ्यास घरचाच वाटावा. बालाघाटाच्या डोंगरांतील सीताफळ प्रसिद्ध आहे. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. त्याच्या बिया वाटून उवांवर लावण्याची चाल खेड्यापाड्यांत जुनी आहे. परंतु तीच पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळास गंभीर इजा करते. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज येथें टिकत नाहीं. वनस्पतीच्या कोणत्या भागांत कोणतें द्रव्य आहे, त्याचा गुण कोणता व दोष कोणता, हें पारखणें हेंच या विषयाचें काम.

आतां या ज्ञानाची गरज बीडसारख्या जिल्ह्यास किती आहे तें पाहावें. येथील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांपैकीं एखाद्या मधुमेहाच्या रोग्यास इन्सुलिन न्यावयाचें असतें. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावी लागते. वापरांत घेतलेली सावलींत, थंड जागीं, साधारण चार आठवडे टिकते. उन्हांत राहिली तर तिचा गुण जातो. हें समजावून सांगण्यास कोपीवर कोणी नसतें. गांव सोडतांना ज्यानें ती कुपी दिली, त्यानेंच तें सांगितलें पाहिजे.

याहून कठीण प्रसंगही येतो. अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयास पुरविण्यांत आलेल्या एका प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट असल्याचें तपासणींत आढळून डिसेंबर २०२४ मध्यें पुरवठादारांविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदविण्यांत आला. खोटी गोळी डोळ्यांस खऱ्यासारखीच दिसते. तिचें बिंग प्रयोगशाळेंत फुटतें, आणि तेथें नमुना पाठविणारा औषध निरीक्षक व तो तपासणारा विश्लेषक हे तज्ज्ञच असावे लागतात. औषध निरीक्षकाच्या पदासाठीं औषधनिर्माणशास्त्राची पदविका पुरत नाहीं, पदवीच लागते. चार वर्षें कशाला, या प्रश्नाचें एक उत्तर येथें मिळतें.

परंतु पदवी घेऊन जो मनुष्य दुकानांत उभाच राहत नाहीं, त्याच्या पदवीचा समाजास उपयोग कोणता? नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालींच चिठ्ठीवरचें औषध दिलें जावें, असा कायदा आहे. तरीही आपलें प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानांत भाड्यानें टांगून आपण भलत्याच गांवीं राहणारे लोक असतात. भिंतीवरची तसबीर रोग्याची चिठ्ठी वाचीत नाहीं, आणि दोन औषधांचें परस्परांशीं वैर आहे हेंही ती सांगत नाहीं. शिकलेल्या माणसानें चार वर्षांच्या विद्येचें असें भाडें घ्यावें, ही त्या विद्येची विटंबनाच होय.

ज्या घरांतून मुलगा वा मुलगी या शिक्षणास जाणार असेल, तेथें फी भरण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य पाहावी. महाविद्यालयास विद्यापीठाची संलग्नता आहेच, पण त्या वर्षासाठीं भारतीय फार्मसी परिषदेची मान्यताही आहे काय? ती नसेल तर राज्य परिषदेच्या नोंदवहींत नांव चढण्यास अडचण येते, व नोंदणीवांचून या पदवीधरास औषधाची चिठ्ठी हातीं घेण्याचा अधिकार नाहीं. मोठी इमारत व गोड बोलणें यांपेक्षां ही चौकशी अधिक मोलाची. प्रयोगशाळा उघड्या असतात कीं कुलुपांत, अध्यापक वर्गावर येतात कीं कागदावरच असतात, हेंही तेथें शिकणाऱ्या मुलांस विचारून घ्यावें.

पदवीधरापुढें वाटा पुष्कळ आहेत : औषधांचे कारखाने, रुग्णालय, सरकारी नोकरी, अध्यापन, स्वतःचें दुकान. यांपैकीं गांवचें दुकान हें कमी प्रतीचें काम समजण्याची चाल आहे. परंतु जेथें डॉक्टर दहा कोसांवर आहेत व मेडिकलवाला हाकेच्या अंतरावर आहे, तेथें रात्रीं पोर तापानें फणफणलें कीं लोक प्रथम त्याचेंच दार ठोठावतात. त्या वेळीं काय द्यावें, काय देऊं नये, आणि केव्हां “आतांच्या आतां रुग्णालयांत न्या” असें निक्षून सांगावें, हें ज्यास कळतें त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च सार्थकीं लागला, असें खुशाल समजावें.