जुन्या जीपचा लांबचा पल्ला

उंच बोनेटची महिंद्रा जीप, म्हणजे सीजे-3बी, आजही महाराष्ट्रात एखाद्या तालुक्याच्या गावी गॅरेजबाहेर उभी दिसते. तिचे बोनेट उंच आहे ते दिसण्यासाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये बसके इंजिन होते. 1953 मध्ये त्या जागी हरिकेन नावाचे जास्त उंचीचे इंजिन आले आणि ते मावावे म्हणून पत्रा वर चढवावा लागला. अमेरिकेत या गाडीचे उत्पादन 1968 मध्ये थांबले. आपल्याकडे मात्र माझगावच्या कारखान्यात जीप जुळवण्यापासून सुरुवात केलेल्या महिंद्राने हाच साचा पुढे कितीतरी वर्षे चालू ठेवला. पाटबंधारे, वनखाते, पोलीस, लष्कर, बागाईतदार, सर्वांकडे ती फिरली. लष्कराच्या आणि सरकारी खात्यांच्या लिलावांतून, कुणाच्या वाड्यामागच्या गोठ्यातून ती आता नव्या मालकांच्या हाती येते आहे. हे मालक तिला फक्त चकचकीत करून थांबत नाहीत; त्यांना तिच्यातून स्पितीला, लडाखला, कच्छच्या रणात जायचे असते. मग प्रश्न येतो तो काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे हा. माझे मत असे की, लांबच्या प्रवासात या गाडीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती कुठेही, साध्या पान्यांनी, साध्या मिस्त्रीकडून दुरुस्त होते. ज्या बदलाने हा गुण जातो तो बदल कितीही आकर्षक वाटला तरी करू नये. गाडी थांबवणारे, रस्ता दाखवणारे आणि तिला थंड ठेवणारे भाग जरूर सुधारावेत. ती चालवणारे भाग मूळचेच ठेवून उत्तम स्थितीत आणावेत.

यासाठी गाडीची रचना थोडी समजून घ्यावी लागते. शिडीसारखी लोखंडी चेसिस, पुढे-मागे एकसंध अॅक्सल, चारही चाकांवर पाटे, 2.2 लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि साधारण 70 ते 75 अश्वशक्ती. एक कार्बोरेटर, इंजिनवरच बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप, पॉइंटवर चालणारा डिस्ट्रिब्युटर. तीन गिअरचा बॉक्स आणि त्याच्या मागे चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्स्फर केस. यात एकही भाग असा नाही की जो बिघडल्यावर संगणक लावून पाहावा लागेल. पण ही रचना शेतासाठी, चिखलासाठी, चढासाठी झाली आहे. अॅक्सलचे गुणोत्तर 5.38 आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टला पाचाहून जास्त फेरे घ्यावे लागतात. मूळच्या मापाच्या टायरवर ताशी 70 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 2,750 फेरे घेते, 90 ला हा आकडा साडेतीन हजारांवर जातो, आणि इंजिनाची कमाल ताकदच मुळी 4,000 फेऱ्यांना मिळते. महामार्गावर तासन् तास 90 ने पळण्यासाठी ही गाडी बनलेलीच नाही. मालकाला पहिला मोह इथेच होतो: हे इंजिन काढू आणि दुसरे, ताकदीचे डिझेल बसवू.

हा मोह महाग पडतो. नव्या इंजिनाला नवे माउंटिंग लागते, ते वेल्डिंग करून चेसिसवर चढते. मग क्लच जुळत नाही, म्हणून गिअरबॉक्स बदलतो. बॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडावे लागतात. शाफ्टचा कोन बिघडला की त्याचे क्रॉस लवकर खराब होतात. रेडिएटर अपुरा पडतो, आणि जास्तीची ताकद शेवटी जुन्या अॅक्सलच्या शाफ्टवर येऊन तो पिळते. सहा महिन्यांनी जी गाडी तयार होते तिचे सुटे भाग चार वेगवेगळ्या गाड्यांचे असतात आणि कुठला भाग कुठल्या गाडीचा हे फक्त ती जोडणाऱ्या मिस्त्रीला माहीत असते. केलाँगच्या पुढे क्लच गेला तर हा मिस्त्री कुठे शोधायचा? शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येणार नाही. आरसी बुकात पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल अशी गाडी अपघातात सापडली तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. ज्यांना डिझेलच हवे त्यांनी कारखान्यातूनच प्यूजो डिझेल घेऊन आलेली एमएम 540 शोधावी. ती तितकीच जीप आहे आणि तिची कागदपत्रेही सरळ असतात. वेगच थोडा हवा असेल, तर त्यावर विलीजच्या काळातच उपाय निघाला होता. ट्रान्स्फर केसच्या मागच्या झाकणाच्या जागी बसणारा ओव्हरड्राइव्ह इंजिनाचे फेरे सुमारे 25 टक्क्यांनी कमी करतो. चेसिस कापायची नाही, वेल्डिंग नाही. नको झाला तर काढून जुने झाकण परत लावायचे. उलट फिरवता येतो तो बदल चांगला, आणि ओव्हरड्राइव्ह त्याचा नमुना आहे. तो इथे मिळवायला शोधाशोध करावी लागते हे खरे, पण इंजिन बदलण्याच्या खर्चापुढे ती शोधाशोध परवडते.

बहुतेक मालक सुरुवात रंगाने करतात आणि पैसे संपतात तेव्हा स्टिअरिंग तसेच ढिले राहते. क्रम नेमका उलटा हवा. आधी बॉडी उतरवून चेसिस उघडी करावी. पेटीसारख्या लोखंडाच्या आत पाणी साठून गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरून ठीक दिसणारी जागा हातोडीने ठोकून, आवाज ऐकून तपासावी लागते. पाट्यांचे हँगर आणि आडव्या पट्ट्यांचे जोड इथे विशेष लक्ष द्यावे. मग स्टिअरिंग. या जीपमध्ये स्टिअरिंगचे बळ एका बेल क्रँकमधून दोन चाकांकडे वाटले जाते. तो क्रँक, किंग पिनची बेअरिंग आणि टाय रॉडचे सांधे यांतली थोडी थोडी झीज एकत्र आली की साठच्या वेगाला खड्डा लागताच पुढची चाके थरथरू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ती थरथर जात नाही. स्टिअरिंग डॅम्पर लावून हा आजार झाकता येतो, बरा होत नाही. बुश, बेअरिंग, शिम नव्याने बसवणे हाच इलाज. इंजिनाचेही तसेच: बोअर मोजून घ्यावा, क्रँक लेथवर दाखवावा, ऑइलचा दाब गरम इंजिनावर पाहावा. हे काम दिसत नाही, त्याचे फोटो कोणी मागत नाही, पण पुढचा सारा प्रवास यावर अवलंबून असतो.

जिथे मूळ रूप सोडावे असे मी आग्रहाने म्हणेन ती जागा ब्रेक. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 60 ऐवजी 90 ने चाललात तर ब्रेकला सव्वादोनपट ऊर्जा गिळावी लागते. जुन्या जीपला चारही चाकांवर लहान ड्रम आणि सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलचा एकच मार्ग. एखाद्या चाकाशी नळी फुटली की पेडल सरळ जमिनीला टेकते आणि चारही ब्रेक जातात. वरंधा किंवा आंबेनळी उतरताना असे झाले तर हँडब्रेक आणि खालचा गिअर एवढाच आधार उरतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे ऑइल देणारा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क, हा बदल म्हणूनच जीव वाचवणारा आहे. मूळ रूपाचे पुरस्कर्ते म्हणतात की डिस्क लावली की ती 1960 सालची जीप राहत नाही. त्यांच्या तळमळीचा मला आदर आहे; ऐतिहासिक वस्तू जशीच्या तशी जपणारी माणसे नसती तर आज मूळ नमुना कुठे पाहायला मिळाला असता? पण संग्रहातली गाडी आणि ट्रकच्या मागे घाट उतरणारी गाडी यांची जबाबदारी वेगळी आहे. काढलेले ड्रम ग्रीस लावून पेटीत ठेवावेत, पुढच्या मालकाला परत लावता येतील. डायनामोऐवजी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, तीन बिंदूंचे पट्टे आणि डोक्यावर मजबूत रोल बार हेही याच न्यायाने करावे.

इंधन आणि उष्णता यांच्याकडे मात्र फार कमी लोक पाहतात. आपल्या पंपांवर आता बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, पेट्रोल पंपाचा पडदा मऊ करते आणि हवेतले पाणी ओढून पत्र्याच्या टाकीला आतून गंजवते. त्यामुळे सर्व नळ्या, पडदे आणि पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत आणि गाडी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी करू नये. इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, तर उंचीवर विरळ हवेमुळे तेच मिश्रण जाड होते. खारदुंग ला सुमारे 17,600 फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच भरतो, इंजिनाची ताकदही जवळपास तितकीच उरते आणि पाणी 83 अंशांच्या आसपास उकळते. तेव्हा रेडिएटरचे टोपण दाब धरते की नाही हे पुण्यातच तपासलेले बरे. कार्बोरेटरचे लहान जेट सोबत न्यावेत, सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाणारी पेट्रोलची नळी दूर सरकवावी. नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते तेव्हा कित्येकदा चांगला कार्बोरेटर उगाच उघडला जातो.

प्रवासाची सजावट हा या गाडीचा दुसरा शत्रू. युद्धकाळात सैन्याच्या कागदोपत्री जीप म्हणजे पाव टनाचा ट्रक होती. चार धडधाकट माणसे बसली की हा आकडा तिथेच ओलांडला जातो. त्यावर लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू, जादा दोन जेरिकॅन चढवायचे, पाटे उंच करायचे आणि रुंद टायर लावायचे. हे चित्र कितीही दमदार दिसले तरी 80 इंची व्हीलबेस तेवढाच राहतो. वजन वर गेले की वळणावर कलंडण्याची भीती वाढते, मोठा टायर फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त श्रम पडतात. मूळ मापाच्या आसपासचे अरुंद टायर, दोन माणसे, खाली चेसिसच्या जवळ बांधलेले सामान आणि एक जेरिकॅन पुरेसा असतो. हिमाचलातल्या तांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध होती. असे टप्पे आधी कागदावर मोजून तेवढेच जादा पेट्रोल घ्यावे. उरलेल्या जागेत पॉइंट, कंडेन्सर, पंप, फॅन बेल्ट, एक अॅक्सल शाफ्ट, ऑइल सील न्यावेत.

एवढे करण्यापेक्षा नवी फोर बाय फोर गाडी का घेऊ नये, असा रास्त प्रश्न येतो. सुरक्षेच्या दृष्टीने नवी गाडी निर्विवाद श्रेष्ठ आहे. जुन्या जीपला एअरबॅग नाही, आघात शोषणारा पुढचा भाग नाही, आणि रोल बार लावून ही उणीव भरून निघत नाही. धुराचेही तसेच: तिला कॅटलिटिक कन्व्हर्टर नाही, दर किलोमीटरला ती नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण करते. रोज कामावर जायला ती वापरू नये, यावर माझे दुमत नाही. पण वर्षातून एखादा मोठा प्रवास आणि थोडी सुटीतली भटकंती एवढ्या अंतराचा धूर वेगळ्या मापाने मोजायला हवा. लांबचा पल्ला तिला झेपतो का या शंकेचे उत्तर तर इतिहासात आहे. 1955-56 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर सीरिज वन गाड्यांतून लंडनहून सिंगापूर गाठले. त्यांतली ‘ऑक्सफर्ड’ नावाची गाडी पुढे सेंट हेलेना बेटावर जाऊन जीर्ण झाली, नंतर इंग्लंडला परत आणून दुरुस्त केली गेली आणि 2019 मध्ये सिंगापूरहून लंडनपर्यंत उलट दिशेने धावली. लँड रोव्हर ही जीपवरूनच सुचलेली गाडी; रचना तीच, ताकदही तशीच बेताची. ती पोचली, कारण त्या प्रवासाचे वेळापत्रक गाडीच्या चालीने आखले होते. दिवसाला अडीचशे किलोमीटर, साठच्या वेगाने आणि राज्यमार्गांनी गेले तर सीजे-3बी कुठेही अपुरी पडत नाही.

राहता राहिला प्रश्न नोंदणीचा, आणि तो सध्या सर्वांत नाजूक आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये. पण या नोंदणीवर गाडी नियमित रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, देखभाल अशा कारणांसाठी बाहेर काढता येते. स्पितीची सहल त्यात बसत नाही. प्रवास करायचा तर साधी नोंदणीच चालू ठेवून दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून घ्यावी लागते, आणि दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल व 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर असलेल्या बंदीमुळे उत्तरेचा मार्गही त्या हिशेबाने आखावा लागतो. दुहेरी ब्रेक मार्ग, डिस्क, रोल बार हे बदल करण्यापूर्वी आरटीओला लेखी विचारून परवानगी घेणे शहाणपणाचे. इथे नियमांत सुधारणा व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. इंजिनाची जात आणि चेसिस न बदलता केवळ ब्रेक, दिवे आणि पट्टे सुधारणाऱ्या जुन्या गाडीसाठी ठरावीक भागांची यादी, एक तपासणी आणि आरसी बुकात एक नोंद, एवढा सोपा मार्ग असला तर आज जे काम कुणाच्या गॅरेजमध्ये गुपचूप होते ते तपासनिसाच्या डोळ्यांदेखत होईल.