गुणी माणूस टिकतो कशाने?

ऑक्टोबर लागला की आमच्या नाशिककडे, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, गोडी छाटणीची घाई उडते. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. काडीवर किती डोळे राखायचे आणि कात्री नेमकी कोठे लावायची, हे पुस्तकात वाचून येत नाही. हाताला यावे लागते. हात चुकला तर मालकाचे वर्ष जाते. आता गंमत पाहा. एकाच शिवारात दोन बागायतदार असतात, मजुरीचा दर दोघांचाही तोच. पण एकाकडे तीच टोळी वर्षानुवर्षे आपण होऊन येते, आणि दुसरा दर हंगामात नवी माणसे शोधत फिरतो. असे का व्हावे?

जवळ जाऊन पाहिले तर कारण फार गूढ नसते. पहिल्याकडे काम संपल्या दिवशी हिशेब पुरा होतो. राहायला कोरडी जागा असते, प्यायला पाणी असते. एखाद्याचे पोर तापाने फणफणले तर मालकाची मोटारसायकल दवाखान्याकडे निघते. आणि मुख्य म्हणजे, छाटणीत काही बिनसले तर तो टोळीच्या म्होरक्याला बाजूला घेऊन बोलतो, चारचौघांत त्याचा पाणउतारा करत नाही. बाग असो, दुकान असो की पाचशे माणसांचा कारखाना असो, चांगला माणूस टिकवण्याचे शास्त्र याहून फार निराळे नाही.

कुणी म्हणेल, माणूस धरून ठेवायचा तर त्याला आगाऊ पैसे द्यावे, म्हणजे तो जातो कोठे? ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. ऊसतोडीच्या धंद्यात मुकादम मजुराला हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत त्याचे हातपाय बांधले जातात. कर्जापोटी माणसाला राबवून घेणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले. तरी त्या वृत्तीचे सुशिक्षित अवतार पुष्कळ आहेत. नोकरीला लागलेल्या पोराची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणे, दोन-तीन वर्षांचा बॉण्ड लिहून घेणे, ही उचलीचीच भावंडे. अशाने माणूस हजर राहतो, एवढेच. त्याचे मन त्या कामातून केव्हाच उठलेले असते. बांधून ठेवलेला माणूस वेगळा आणि टिकलेला माणूस वेगळा.

हा भेद ज्यांनी फार लवकर ओळखला, त्यांत जमशेटजी टाटा एक. नागपूरची त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. प्रारंभीच त्यांना एक अडचण जाणवली. माणसे कामावरच येत ना. रोज शेकडा वीस माणसे गैरहजर! दंड करावा, काढून टाकावे, हा मार्ग कोणालाही सुचला असता. जमशेटजींनी तो बाजूला ठेवला. म्हातारपणाची सोय म्हणून निधी सुरू केला, अपघातात जायबंदी होणाऱ्यासाठी भरपाईची तरतूद केली. घरच्या मंडळींसह कामगारांचे मेळावे भरवले, आणि चांगल्या कामगारांना तेथे घड्याळे, सोन्याच्या साखळ्या बक्षीस दिल्या. ज्याची बायकामुले बक्षीस घेताना पाहायला आलेली आहेत, तो माणूस दुसऱ्या दिवशी उगाच घरी बसत नाही. आज ती गिरणी उरलेली नाही. पण तिने घालून दिलेला धडा उरला आहे.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी जे मालकाचे औदार्य होते, ते पुढे कायद्याने त्याचे कर्तव्य झाले. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा. तेव्हा आज एखादा कारखानदार छाती पुढे काढून म्हणू लागला, "आम्ही फंड भरतो, ग्रॅच्युइटी देतो," तर कामगार मनात म्हणतो, "ते तर शेजारचाही देतो." कायदा सर्वांकडून जे देववतो, त्याने कोणी कोणाकडे टिकून राहत नाही. ते न दिले तर माणूस जातो. पण दिले म्हणून राहतोच असे नाही. माणूस राहतो तो त्याच्या पलीकडच्या गोष्टींनी.

त्या कोणत्या, हे किर्लोस्करवाडीकडे पाहिले म्हणजे समजते. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर आले. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, कर्ज दिले. पण जमीन म्हणजे दगडधोंडे आणि निवडुंग. अशा ठिकाणी कोण कशाला राहील? पण माणसे राहिली. शंभूराव जांभेकरांसारखा यंत्रात जीव असलेला माणूस राहिला. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले, आणि त्यांनी तो विश्वास राखला. लक्ष्मणराव माणसाचा दाखला पाहण्यापेक्षा त्याचा हात आणि त्याची नियत पाहत. जगाने ज्याला 'हा काही कामाचा नाही' म्हटले, त्याला कामाचा करणारा मालक भेटला की तो माणूस सहसा त्याला सोडत नाही. पुढे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, ते मुळात कारखान्याच्या घडामोडींचे वार्तापत्र म्हणूनच. आपल्या कारखान्यात काय चालले आहे, हे आपल्या माणसांना कळावे असे वाटणे, हाही एक मानच आहे.

पण ती वाडी म्हणजे एक कुटुंबच होते, आणि आजूबाजूला दुसरा कारखाना नव्हता. आमच्या नाशिकचे तसे नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर सातपूर उभे राहिले, अंबड उभे राहिले. आज एका फाटकातून बाहेर पडलेला कारागीर रस्ता ओलांडला की दुसऱ्या फाटकातून आत जाऊ शकतो. तेव्हा येथे मालकाची कसोटी अधिक कडक आहे.

मागे असाच एक प्रसंग माझ्या पाहण्यात आला. माझ्या ओळखीचे एक छोटे कारखानदार तक्रार करीत होते. अठरा वर्षे त्यांच्याकडे असलेला फिटर तीन हजार रुपयांसाठी समोरच्या कारखान्यात गेला. यंत्राचा नुसता आवाज ऐकून तो सांगे, बेअरिंग जाणार म्हणून. तो गेल्यापासून महिन्यातून दोनदा काम बंद पडू लागले होते. मालक म्हणाले, "सर, माणसाला निष्ठाच राहिली नाही हो." योगायोगाने तो फिटर माझ्या एका विद्यार्थ्याचा काका निघाला. त्याला विचारले, तर थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, पैशाचं निमित्त झालं. एका जिगमध्ये बदल करा म्हणून मी दोन वर्षं सांगत होतो. कुणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग नवीन इंजिनीयर साहेब आले, त्यांनी तोच बदल केला. पेढे वाटले. एक पेढा मलाही दिला."

या एका पेढ्यात सगळे आले. माणूस राजीनामा देतो त्या दिवशी जात नाही. तो त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. ज्या दिवशी तो सुचवायचे बंद करतो, भांडायचेही बंद करतो, त्या दिवशी तो मनाने फाटकाबाहेर पडला असे समजावे. पण मालकाला वाटते, बरे झाले, हा आता शहाणा झाला, तक्रार करत नाही!

मग करावे काय? पगाराला पर्याय नाही, हे आधी कबूल करू. बाजारात ज्याची किंमत दहा आहे त्याला सात देऊन गोड बोलण्याने काम भागत नाही. नव्याला जुन्यापेक्षा जास्त पगारावर आणले, तर ती बातमी जेवणाच्या सुट्टीआधी सगळीकडे पोचते. पण त्यापुढच्या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. ज्याची कल्पना, त्याच्या नावावर ती जमा करावी. सूचना मान्य नसेल तर का नाही, ते तोंडावर सांगावे. नकार माणूस पचवतो, दुर्लक्ष पचवत नाही. चांगल्या कारागिराला नवे यंत्र शिकायला पाठवावे. कुणी म्हणेल, शिकून निघून गेला तर? अहो, न शिकता तो तुमच्याकडेच राहिला, तर ते अधिक महागात पडेल. आणि कंत्राटावर घेतलेल्या गुणी माणसाला तो कायम केव्हा होणार, हे स्पष्ट सांगावे. ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नाही, तो आजचे काम जीव लावून कसे करील?

इतके करूनही काही माणसे जातीलच. कुणाला स्वतःचा धंदा काढायचा असतो, कुणाला गावी आईवडिलांजवळ राहायचे असते. त्यांना हसतमुखाने निरोप द्यावा, हिशेब वेळेवर चुकता करावा. मालक जाणाऱ्याशी कसा वागतो, ते राहणारे बारकाईने पाहत असतात.

आपल्याकडे चार माणसे कामाला असोत की चारशे, उद्या सकाळी एवढेच करून पाहावे. जो गेला त्याचे कारण शोधत बसण्याआधी, जो अजून आहे आणि हल्ली गप्प गप्प असतो, त्याच्याजवळ जाऊन विचारावे, "काय रे, काय म्हणत होतास तू त्या दिवशी?" आणि मग मधे न बोलता ऐकावे.