परवाना नको, गुन्हाही नको

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला आणि वेश्याव्यवसायाला कायदेशीर पेशाचा दर्जा मिळाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. तसे काही झाले नव्हते. कोलकात्यात १९९९ साली झालेल्या एका स्त्रीच्या खुनाचा बुद्धदेव कर्मास्कर खटला निकाली काढल्यावर न्यायालयाने वेश्यांच्या प्रश्नांवर एक समिती नेमली होती. तिच्या काही शिफारशी या आदेशाने लागू झाल्या. लैंगिक अत्याचार झालेल्या वेश्येला इतर पीडितेसारखीच वैद्यकीय मदत मिळावी, राहत्या पत्त्याचा पुरावा नसला तरी आधार कार्ड मिळावे, निरोध जवळ सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, अशा त्या शिफारशी. सज्ञान स्त्री स्वतःच्या मर्जीने हे काम करत असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये, या सगळ्यात वजनदार शिफारशीवर मात्र केंद्र सरकारने हरकत घेतली. खरे तर पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा आपल्याकडे मुळात गुन्हा नाहीच. गुन्हा आहे ते त्या कामाच्या अवतीभवतीचे जवळजवळ सगळे. म्हणून ‘कायदेशीर करावे की नाही’ या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घालून आपण पुढे सरकत नाही. मला कसोटी एकच दिसते. या बाईला कोणी मारले, लुटले, डांबून ठेवले, तर ती पोलीस ठाण्याची पायरी निर्धास्तपणे चढू शकते का? ज्या कायद्याने ती चढू शकेल तो कायदा हवा.

अनैतिक व्यापार रोखणारा आजचा कायदा १९५६ चा. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव बदलले आणि पोलिसांपासून वार्ताहरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो ‘पिटा’ म्हणून रुळला. तो एका खोलीपुरता लावून पाहावा. दोन बायका सुरक्षिततेसाठी एकत्र राहतात, भाडे वाटून घेतात, एकीकडे गिऱ्हाईक असताना दुसरी दाराबाहेर बसते. कायद्याच्या लेखी ही खोली कुंटणखाना ठरते, कारण व्याख्येत दुसऱ्याच्या नफ्याबरोबर ‘दोघींच्या किंवा अधिक जणींच्या परस्पर फायद्यासाठी’ वापरलेली जागाही येते. कलम ३ खाली जागा चालवणाऱ्याला पहिल्याच दोषसिद्धीत किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. त्यांतल्या एकीचा मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि आईच्या कमाईवर कॉलेजात शिकत राहिला, तर कलम ४ प्रमाणे तो वेश्येच्या कमाईवर जगणारा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तिच्या म्हाताऱ्या आईलाही हेच कलम लागते. रस्त्यावर उभी राहून तिने गिऱ्हाइकाला खूण केली तर कलम ८, सहा महिन्यांपर्यंत कैद. हाच गुन्हा पुरुषाने केला तर कमाल तीन महिने, हेही त्याच कलमात लिहिले आहे. देऊळ, शाळा, दवाखाना दोनशे मीटरच्या आत असेल तर कलम ७. आपल्या कुठल्याही गावठाणात दोनशे मीटरमध्ये देऊळ नाही अशी जागा शोधून दाखवावी. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगाजमुना वस्तीचे रस्ते पोलिसांनी बंद केले तेव्हा आधार याच कलमाचा घेतला होता. एकटी राहिली तर जिवाला धोका, दोघी राहिल्या तर गुन्हा. या पेचातूनच घरवाली (कुंटणखाना चालवणारी) आणि दलाल यांची सत्ता उभी राहते, कारण पोलिसांना हप्ता पोचवून संरक्षण विकणारे तेच असतात.

मग छापा पडतो. कायद्याच्या भाषेत याला सुटका म्हणतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले, चारशेच्या वर मुली-बायका बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकार तयार नव्हते. त्यांत अल्पवयीन मुली होत्या, फसवून विकलेल्याही होत्या. त्यांच्यासाठी छापा हवाच होता, आजही हवाच. पण सज्ञान बाईचे काय? पिटाच्या कलम १७ प्रमाणे मॅजिस्ट्रेट तिला एक ते तीन वर्षे सुधारगृहात ठेवू शकतो. गुन्हेगार नाही म्हणायचे आणि कुलूप लावायचे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला आणि स्पष्ट म्हटले की या कायद्याखाली वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या छाप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या २४३ पैकी १९३ स्त्रियांनी सांगितले की छापा पडला तेव्हा त्या आपल्या मर्जीने काम करत होत्या आणि त्यांना सुटका नको होती. अभ्यास करणारी संस्था या चळवळीतलीच आहे, हे लक्षात ठेवूनही आकडा डोळ्यांआड करण्याजोगा नाही. याच संस्थेच्या आधाराने १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. तिच्यातल्या बाया स्वतः ‘धंदा’ हाच शब्द वापरतात. धंदा म्हटले की हिशेब, मोबदला, नकार देण्याचा हक्क या गोष्टी बोलता येतात. ‘पतिता’ म्हटले की फक्त उद्धार करून घेता येतो.

तर मग सरकारने परवाने द्यावेत, नोंदणी करावी, वैद्यकीय तपासणी सक्तीची करावी, असे अनेक सुजाण माणसे सुचवतात. हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. इंग्रजांनी १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणून वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये एवढाच त्यामागचा हेतू. कोलकात्यातून कितीतरी जणी नोंदणी चुकवायला फ्रेंचांच्या चंदननगरात निघून गेल्या. १८८८ मध्ये तो कायदा गुंडाळावा लागला. जर्मनीने २००२ मध्ये वेश्याव्यवसायाला कायद्याचे संरक्षण दिले आणि २०१७ मध्ये नोंदणी सक्तीची केली. २०१९ च्या अखेरीस सुमारे ४०,००० जणींचीच नोंद होती, प्रत्यक्ष काम करणाऱ्या त्याहून कितीतरी जास्त. ज्या कामाचा कलंक गेलेला नाही त्याचे ओळखपत्र कोण खिशात बाळगेल? नोंद केली की अधिकृत, न केली की पुन्हा गुन्हेगार, आणि न केलेल्यांत सर्वांत गरीब, परप्रांतीय, कागदपत्रे नसलेल्या स्त्रियाच असतात. परवाना आला की मोठ्या भांडवलाचा मालक सुखावतो.

न्यूझीलंडने २००३ मध्ये वेगळी वाट धरली, ती गुन्ह्याची कलमेच काढण्याची. संसदेत ६० विरुद्ध ५९ अशा एका मताने तो कायदा मंजूर झाला. चारपर्यंत स्त्रिया मालकाशिवाय एकत्र काम करत असतील तर परवान्याची गरजच ठेवली नाही. म्हणजे आपल्याकडे जी खोली कुंटणखाना ठरते, तीच तिथे सर्वांत सुरक्षित व्यवस्था म्हणून मानली. पाच वर्षांनी झालेल्या सरकारी आढाव्यात या स्त्रियांची संख्या वाढल्याचे दिसले नाही, आणि साठ टक्क्यांहून अधिक जणींनी गिऱ्हाइकाला नाही म्हणणे आता सोपे झाल्याचे सांगितले. २०१४ मध्ये तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने वेश्यागृहाच्या चालकाविरुद्धची लैंगिक छळाची तक्रार मान्य करून एका स्त्रीला २५,००० डॉलरची भरपाई दिली. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वेश्येचा लैंगिक छळ होऊ शकतो, हेच आपल्याकडे अजून अनेकांच्या गळी उतरत नाही. त्या कायद्यात खोट आहे ती ही, की तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी स्त्रियांना तो संरक्षण देत नाही, आणि तिथे जुनेच भय टिकून आहे.

कलमे काढण्याविरुद्ध सर्वांत जास्त पुढे केला जाणारा पुरावा २०१३ चा. दीडशे देशांच्या माहितीवरून तीन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की जिथे वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे तिथे माणसांची तस्करी सरासरीने जास्त नोंदली जाते. हा आक्षेप हलक्यात घेऊ नये. पण तस्करी चोरून चालते, तिची मोजदाद नोंदींवरून होते, आणि जो देश शोधतो त्याच्याकडे नोंदी जास्त असतात. शिवाय त्या अभ्यासात परवान्याची पद्धत आणि गुन्ह्याची कलमे काढण्याची पद्धत यांतला फरक विरून जातो. तस्करीची खबर बहुतेकदा आतूनच मिळते, शेजारच्या खोलीतल्या बाईकडून. ती खबर दिल्यावर स्वतःच पकडली जाणार असेल तर ती गप्प बसते. कोलकात्याच्या सोनागाची वस्तीत वेश्यांच्या ‘दुर्बार’ संघटनेने नेमलेली मंडळे नव्या मुलीचे वय आणि मर्जी तपासतात, ती याच जाणिवेतून.

दुसरा आक्षेप स्वीडनचा पर्याय पुढे करणाऱ्यांचा: १९९९ पासून तिथे विकणारी निर्दोष आणि विकत घेणारा गुन्हेगार. फ्रान्सने २०१६ मध्ये तो घेतला. न्यायबुद्धीला हे पटते, कारण आजवर शिक्षा बाईलाच होत आली. अडचण व्यवहारात येते. पकडले जाण्याच्या भीतीने गिऱ्हाईक घाई करतो, नाव सांगत नाही, अंधारी जागा मागतो. त्याला पारखून घ्यायची जी दोन मिनिटे तिच्या जिवाची राखण करतात, तीच जातात.

तिसरा आक्षेप मात्र आपल्या मातीतला आहे आणि तो सर्वांत जड आहे. जून १९३६ मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमधल्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना हा व्यवसाय सोडण्याचे आवाहन केले होते. जातीने लादलेल्या कामाला ‘निवड’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे, हा त्यामागचा विचार आजही तेवढाच खरा. देवीला सोडलेली मुलगी असो की बेडिया जमातीतल्या कुटुंबातली, तिच्या ‘मर्जी’त भूक आणि जात दोन्ही मिसळलेली असतात. हे मान्य करूनच मी म्हणते की शिक्षेची कलमे काढा. बाबासाहेबांनी त्या स्त्रियांना माणूस म्हणून हाक मारली होती, पोलिसांच्या हवाली केले नव्हते. ज्या बाईच्या नावावर खटला आहे तिला दुसरी नोकरी कोण देईल, खोली कोण भाड्याने देईल? बाहेर पडायचा रस्ता गुन्ह्याची कलमेच बुजवतात. गोव्यात २००४ च्या पावसाळ्यात बायणाची वस्ती जमीनदोस्त केली, तेव्हा तो धंदा संपला नाही. तो लॉजमध्ये आणि भाड्याच्या घरांत पांगला, आणि आरोग्यसेविकेला बाया सापडेनाशा झाल्या. उलट करोनाच्या काळात महाराष्ट्र सरकारने २०२० च्या ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी या स्त्रियांना महिना ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुले असलेल्यांना आणखी २,५०० रुपये मंजूर केले. शासनाला त्या नागरिक म्हणून दिसू शकतात, याचा एवढा तरी दाखला आहे.

म्हणून मागणी नेमकी करावी. कुंटणखान्याच्या व्याख्येतून ‘परस्पर फायदा’ वगळावा. कमाईवर जगण्याच्या कलमातून मुले, आईवडील आणि सोबतीण यांना बाहेर काढावे. कलम ७ आणि ८ मधली बाईची शिक्षा, कलम १७ खालची सज्ञान स्त्रीची कोंडी आणि कलम २० मधली हद्दपारी रद्द करावी. फसवणूक, जबरदस्ती, अल्पवयीन मुलींचा व्यापार यांवरची कलमे आहेत तशीच, किंबहुना अधिक कडक राहावीत. असा फरक करणे कायद्याला जमते. फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकमात तस्करीच्या व्याख्येत वेश्याव्यवसाय म्हणजेच शोषण असे लिहिले गेले होते. या स्त्रियांच्या संघटनांनी हरकत घेतली, आणि काही आठवड्यांत संसदेने केलेल्या कायद्यात तो शब्द नव्हता, लैंगिक शोषण एवढेच उरले होते. पिटातला ‘परस्पर फायदा’ मात्र अजून जागच्या जागी आहे.