रेशमाचा मांडव, पेशींचा वेल

लातूर-नांदेडकडे शेतात तुती दिसली, तर साडीच डोळ्यांसमोर येते ना? तुतीचा पाला खाऊन अळी कोष विणते आणि त्याचं रेशीम होतं. पण याच रेशमाचा एक भन्नाट उपयोग सध्या लॅबमध्ये तपासला जातोय. दुखावलेल्या मज्जारज्जूला आधार देण्याचा!

बाइकवरून पडून मज्जारज्जूला मार बसला, की तिथे पोकळी आणि व्रण तयार होतो. त्यात नुसत्या स्टेम सेल्स सोडल्या, तर बहुतेक मरतात किंवा विखुरतात. वेलाला मांडव लागतो, तोच फंडा इथेही! कोलॅजन, कायटोसान किंवा रेशमातल्या फायब्रॉइन प्रथिनाची जाळी पेशींना धरून ठेवते, मज्जातंतूंना वाढीची दिशा दाखवते आणि हळूहळू विरघळते. पुण्याच्या एनसीएलमध्ये रेशमी प्रथिनावर हाडांसाठी काम झालंय. मज्जारज्जूचं गणित मात्र कितीतरी अवघड.

प्राण्यांवरचे निकाल आशा दाखवतात, पण माणसांसाठी खात्रीचा उपचार अजून नाही. जपानने २०१८मध्ये एका स्टेम सेल उपचाराला सशर्त परवानगी दिली, तर त्यावरही वाद झाला. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूसाठी हा उपचार फक्त मंजूर चाचणीतच देता येतो आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात.

तेव्हा कुणी लाखोंचं ‘पॅकेज’ सांगितलं, तर गावाकडची जमीन विकायला काढण्याआधी एकच विचारा : चाचणीचा सीटीआरआय नंबर काय? उत्तर टाळलं, तर सरळ उठा. फिजिओथेरपी मात्र एक दिवसही चुकवू नका.