कार्ड परत घेतलं का?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि घरोघरी लोक मोबाइल बंद-चालू करून पाहत होते. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदमच ठप्प झालं होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आदेशाने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं होतं. त्यातच कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांची कार्डं ऑफिसच्या दारावर चालेनात, अशा बातम्या अमेरिकन वृत्तपत्रांनी दिल्या. डेटा सेंटरवर धाडलेल्या इंजिनिअरांनाही कडक बंदोबस्तातून आत जाऊन यंत्रांना हात लावेपर्यंत बराच वेळ गेला, हे कंपनीने पुढे स्वतःच सांगितलं. सेवा सुरळीत व्हायला सुमारे सहा तास लागले.

इमारतीचं दार आणि संगणकातली माहिती यांची राखण आता एकाच यंत्रणेच्या हाती आली आहे, हे त्या दिवशी साऱ्या जगाला दिसलं. ही यंत्रणा म्हणजे अ‍ॅक्सेस कंट्रोल, अर्थात प्रवेश-नियंत्रण. ऑफिसात पंचिंगचं कार्ड, सोसायटीच्या गेटवरचं अ‍ॅप, बँकेचा ओटीपी, विमानतळावर चेहरा पाहून आत सोडणारी डिजियात्रा ही सगळी तिचीच रूपं. आलेला माणूस कोण, त्याला इथे येण्याची परवानगी आहे का आणि तो आल्या-गेल्याची नोंद झाली का, या तीन प्रश्नांवर ती उभी असते.

बँकेच्या लॉकरमध्ये हे तिन्ही प्रश्न जुन्या काळापासून सोडवलेले आहेत. ग्राहकाची सही ताडून पाहिली जाते, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली जाते, आणि एक किल्ली ग्राहकाची, दुसरी बँकेची लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. एकट्या माणसाच्या हाती पूर्ण अधिकार द्यायचा नाही, हा त्यामागचा नियम.

कार्डाच्या पोटात काय असतं, हे पाहण्यासारखं आहे. त्यात बॅटरी नसते. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये बारीक तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेली तांदळाच्या दाण्याहून लहान चिप असते. दाराजवळचा रीडर सतत चुंबकीय लहरी सोडत असतो. कार्ड जवळ येताच त्या लहरींतूनच वेटोळ्यात वीज तयार होते, चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. रीडर तो क्रमांक कंट्रोलरकडे पाठवतो, कंट्रोलर यादी पाहतो, आणि नाव बसलं तर दाराच्या चौकटीवरच्या विद्युतचुंबकाचा प्रवाह क्षणभर तोडतो. दार उघडतं. वीज गेली तरी असं दार आपोआप मोकळं होतं. आग लागल्यावर आतली माणसं कोंडली जाऊ नयेत, म्हणून सुटकेच्या वाटेवर हीच रचना हवी.

मात्र स्वस्तातली बरीच कार्डं आपला क्रमांक समोर येईल त्या रीडरला बिनदिक्कत सांगतात. बाजारात मिळणाऱ्या छोट्या यंत्राने त्यांची नक्कल सहज होते. सांकेतिक भाषा वापरणारी कार्डंही अभेद्य नसतात. लंडनच्या ऑयस्टर कार्डासह तेव्हा जगभर वापरात असलेल्या 'मायफेअर क्लासिक' चिपची गुप्त पद्धत २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी उलगडून दाखवली. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी तो शोधनिबंध रोखण्यासाठी न्यायालयात गेली, पण न्यायालयाने निकाल संशोधकांच्या बाजूने दिला. उत्पादकाने गुपित ठेवलेली पद्धत सुरक्षित असेलच, या समजुतीला तो मोठा धक्का होता.

तरीही मोठ्या घटना तपासल्या की दोष अनेकदा यादीत सापडतो. अधिकार देताना सगळे उत्साही असतात. तो काढून घेण्याचं काम मात्र कुणाचंच नसतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जवळजवळ निम्मं इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन मे २०२१ मध्ये काही दिवस बंद पडली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर ज्या खात्यातून आत शिरले, ते खातं कंपनीत कुणी वापरतही नव्हतं, पण ते बंद केलेलं नव्हतं. पासवर्डशिवाय दुसरी कोणतीही पडताळणी त्याला नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली. त्याआधी २०१३ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीच्या ग्राहकांच्या सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोरांनी आधी मिळवलं होतं ते दुकानांत रेफ्रिजरेशनची कामं करणाऱ्या एका ठेकेदाराचं लॉगिन. ठेकेदाराच्या लॉगिनमधून ग्राहकांच्या कार्डांपर्यंत वाट निघते, यातच सगळं आलं. ज्याला जेवढं काम, तेवढाच अधिकार, हे तत्त्व संगणकशास्त्रात १९७० च्या दशकापासून शिकवलं जात आहे.

नोंदीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याचा चटका मुंबईनेही सोसला आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा २०१८ मध्ये उघड झाला आणि पुढे त्याचा आकडा १३ हजार कोटींच्या वर गेला. परदेशी बँकांना स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून हमीचे संदेश जात होते, पण ती यंत्रणा कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीला, जोडलेली नव्हती. त्यामुळे गेलेल्या संदेशांची नोंद बँकेच्या पुस्तकात उमटतच नव्हती. लॉकरला दोन किल्ल्या मागणाऱ्या बँकेत कोट्यवधींच्या हमीवर तेवढा पहारा नव्हता.

कार्ड आणि पासवर्डच्या या उणिवांवर उपाय म्हणून सगळीकडे बोटाचा ठसा आणि चेहरा येतो आहे. कार्ड घरी विसरतं, बोट विसरत नाही, हे खरंच. पण मातीत आणि सिमेंटमध्ये राबणाऱ्यांचे ठसे झिजतात. रेशन दुकानात अंगठा न जुळल्याने ताटकळलेली माणसं महाराष्ट्रातल्या गावोगावी भेटतात. दुसरा धोका कायमचा आहे. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून २०१५ मध्ये उघड झालेल्या चोरीत ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे गेले. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो. त्या ५६ लाख लोकांनी बोटं कुठून बदलायची? म्हणूनच ठसा किंवा चेहरा मागणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठे साठवला जाईल आणि कधी पुसला जाईल, हे विचारण्याचा हक्क माणसाला हवा. आधारच्या बाबतीत बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय यूआयडीएआयने दिलेली आहे, ती जरूर वापरावी.

कायदाही आता यात उतरला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती जपण्याची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी त्या काळजीत प्रवेश-नियंत्रण आणि नोंदी ठेवणं यांचाही समावेश केला आहे.

दंडाची वाट न पाहता सुरुवात करता येते, आणि त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. सोसायटीच्या कमिटीने, शाळेने, दवाखान्याने, छोट्या ऑफिसने महिन्यातून एकदा आपली यादी काढून बसावं. फ्लॅट विकून गेलेले, नोकरी सोडलेले, काम संपवून गेलेले ठेकेदार यांची कार्डं, पासवर्ड आणि अ‍ॅपवरची नावं त्याच दिवशी बंद करावीत, आणि हे काम कुणाचं, ते नाव घालून ठरवून टाकावं.