पोट फाडत नाहीत, वाट पाहतात

मुंबई विमानतळावर कोकेनच्या कॅप्सूल गिळून आलेला प्रवासी पकडला गेला, की धुळ्याच्या देवपुरात दत्तमंदिर चौकातल्या चहाच्या टपरीवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "आता जेजे रुग्णालयात नेऊन त्याचं पोट फाडणार." दर वेळी सांगतो, असं फाडत नाहीत. पुढच्या बातमीला पुन्हा तेच!

आधी ती कॅप्सूल, म्हणजे पुडी, समजून घ्या. रबराच्या थरांत घट्ट गुंडाळलेली, अंगठ्याच्या पेराएवढी. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या 2003 मधल्या आढाव्यानुसार एकेक जण साधारण एक किलो माल 50 ते 100 पुड्यांत नेतो, प्रत्येकीत 8 ते 10 ग्रॅम. त्यातली एक फुटली तरी जीव जाऊ शकतो. पण काही त्रास नसेल, तर रुग्णाला नजरेखाली ठेवतात, नाडी, रक्तदाब, ताप बघत राहतात, आतडी धुऊन काढणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं द्रावण देतात आणि थांबतात. शौचाच्या भांड्यातली प्रत्येक पुडी मोजली जाते. गिळल्या किती, निघाल्या किती, हा हिशेब जुळल्याशिवाय सुट्टी नाही. सीमाशुल्क कायद्याचं (1962) कलम 103 सुद्धा सांगतं, की पोटातला माल बाहेर काढायचा तो नोंदणीकृत डॉक्टरच्या सल्ल्याने आणि देखरेखीखाली.

ऑपरेशन होतं ते आतडं अडलं तर, किंवा कोकेनची पुडी फुटून धडधड, ताप, झटके सुरू झाले तर. कोकेनवर उतारा नाही, म्हणून तेव्हा क्षणाचाही उशीर परवडत नाही. हेरॉइन फुटलं तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो; त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे.

माझा संताप यासाठी, की पोट फाडतील या धास्तीने, पोराने पुडी गिळली तरी घरचे ते लपवतात. पोलीस दिसले म्हणून पोराने घाईत गिळलेली पुडी तर साध्या प्लास्टिकची असते, ती लवकर पाझरते.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. एरंडेलही नको, तेलाने रबर कमजोर होऊ शकतं. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, सीटी स्कॅनमध्ये जास्त कळतं. लघवीची तपासणी निगेटिव्ह आली, तरी पोटात घट्ट बांधलेली पुडी असू शकते.

आणि "पोलीस केस आहे, आधी पंचनामा" हेही खोटं. परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय: आधी जीव, मग कागद. 108 ला फोन लावा, चक्करबर्डीच्या हिरे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या, आणि काय गिळलं, किती, कधी, ते डॉक्टरांना खरं सांगा.